मंडळाची अध्यक्ष

सगुणाबाईंनी दुसरी खुर्ची ओढत आणून बिशपांच्या खुर्चीशेजारी ठेवली आणि मागे सरून तिच्याकडे रागानं पाहिलं.

बंगळूरजवळच्या येलहंक्यातल्या त्या लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीत आज नव्या बिशपांचं स्वागत होतं. बिशप महानंदा, मूळच्या निपाणीच्या, या धर्मप्रांतातल्या पहिल्याच स्त्री बिशप! आठवडाभर सगुणाबाईंचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. पण काल चर्चचे जुने कारभारी आप्पाजी यांनी दुधात मिठाचा खडा टाकला होता.

बिशपांची पत्नी तीच महिला मंडळाची अध्यक्ष, ही इथली रीत. चार बिशप झाले, चार अध्यक्षा झाल्या. सभा बोलावणं, आजाऱ्यांना भेटणं, नाताळच्या करंज्या तळणं मात्र सव्वीस वर्षं चिटणीस सगुणाबाईंकडेच. या खेपेला पत्नीच नाही, तेव्हा ते पद आपल्याला मिळेल असं त्यांनी मनात धरलं होतं. का धरू नये?

“रीत म्हंजे रीत की हो, अक्का,” आप्पाजी म्हणाले होते. “पत्नी नाही तर पती. नागराज सर अध्यक्ष.”

“बायकांच्या मंडळाचे?”

“त्यात काय झालं? कामाला तुम्ही आहातच की.”

हे शेवटचं वाक्य कालपासून टोचत होतं.

गाडी आली. जांभळ्या झग्यातल्या बिशप महानंदा उतरल्या, मागोमाग त्यांचे पती नागराज सर, आणि बायकांनी फुलं उधळली. पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या मुग्धानं चक्क शिट्टी वाजवली आणि जीभ चावली. सगुणाबाईंना रडू फुटलं. आपल्यातली बाई तिथवर पोचली, याचा आनंद रागाला पुरून उरला.

आप्पाजींनी नागराज सरांना त्या दुसऱ्या खुर्चीत बसवलं, हार घातला आणि नव्या अध्यक्षांची घोषणा केली. सर गडबडून उठले.

“मला यातलं काही येत नाही हो. आजवर कोण बघत होतं सगळं?”

बायकांच्या माना एकदमच सगुणाबाईंकडे वळल्या. आप्पाजी छताचा पंखा पाहू लागले.

“आप्पाजी,” बिशप हसत म्हणाल्या, “मी काही कुणाची बायको म्हणून बिशप झाले नाही. मग अध्यक्ष तरी कुणाची बायको, कुणाचा नवरा म्हणून कशाला? मंडळाच्या बायकांनाच निवडू द्या.”

हात वर झाले. मुग्धाचे तर दोन्ही. खाली राहिला तो फक्त सगुणाबाईंचा; त्यांनी पदर तोंडाशी धरला होता.

टाळ्या थांबल्यावर नागराज सर त्यांच्याजवळ आले.

“अक्का, पुरुषांना सभासद होता येतं का?”

सगुणाबाईंनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि सरांना आपादमस्तक न्याहाळलं.

“अर्ज आणा. मंगळवारी चारला सभा असते,” त्या म्हणाल्या. “उशीर चालत नाही.”