आधी धान चाव, मग बोल

मित्रांनो, मी एक जुनी परखी आहे. नाव ऐकलं नसेल तर तुमचा काही दोष नाही. धानाच्या धंद्याबाहेर आम्हाला विचारतो कोण! एक लोखंडी नळी, पुढून टोकदार, मधून पन्हळीसारखी उघडी. मला भरल्या पोत्यात खुपसायचं आणि ओढून घ्यायचं, की पोटातले मूठभर दाणे माझ्यासोबत बाहेर येतात. पोत्याच्या तोंडाशी कितीही चांगला माल भरा, आत काय आहे ते मी दाखवते. भोसकणं हाच माझा धंदा. तेव्हा माझ्याकडून गोडगोड बोलण्याची आशा ठेवू नका.

गोंदियाच्या एका लोहारानं मला ठोकून घडवलं आणि मी अर्जुनी मोरगावच्या एका धान गिरणीत आले. मालक ताराचंदजी. माणूस हुशार, त्यात शंका नाही. गाडी आली की ते काट्याजवळ खुर्ची टाकून बसत, मला पोत्यात मारत आणि माझ्यातला एक दाणा दाढेखाली धरत. कट्‌ करून तुटला तर वाळलेला, नुसता दबला तर ओला. एवढ्यावर सौदा ठरायचा आणि तो चुकायचा नाही. काय थाट होता तेव्हा माझा! गाडी फाटकात शिरली की पहिली हाक मला, आणि काम झालं की हमालांचा मुकादम केवळराम मला गमछ्यानं पुसून ठेवायचा.

मग मालकांच्या दाढा पडल्या आणि त्यांनी गोंदियाहून कवळी करून आणली. आता कवळीला काय कळणार, ओलं काय नि वाळलं काय? मालकांना मात्र प्रत्येक दाणा वाळलेलाच वाटायला लागला. हमालांना कळलं, केवळरामला कळलं. सगळे मूग गिळून बसले. कारण मालकांचा एक नियम होता. त्यांच्या निवाड्यावर ज्याला शंका असेल त्यानं आधी ओंजळभर कच्चं धान सगळ्यांसमोर चावायचं. कच्च्या धानाचं टरफल म्हणजे कानसच, जीभ सोलून निघते. मालक याला शिस्त म्हणायचे.

अशात त्यांचा मुलगा योगराज शिकून गिरणीत आला. पोरगा मोठा कल्पक. आपल्या भागातला सुवासिक तांदूळ पोत्यांऐवजी लहान पाकिटांत भरून थेट घरोघर विकावा, असं त्याच्या डोक्यात होतं. मालक चारचौघांत म्हणाले, किराणा दुकानच टाकायचं असेल तर तिकडे गोंदियाच्या कुडव्याला जाऊन टाक. हमाल हसले. हसावंच लागायचं.

दिवाळीनंतर अवकाळी पाऊस झोडपून गेला आणि एक मोठी गाडी आली. मालकांनी दाणा चावला, वाळलं आहे म्हणाले, उतरवायला सांगितलं. योगराजनं माझ्यातले दाणे नखानं दाबून पाहिले. ते चक्क दबत होते. त्याची बायको मंजू खिडकीशी बसून वजनं लिहायची. तिनं मानेनंच नको म्हणून खुणावलं. तरी तो बोललाच.

"बाबूजी, धान ओलं हाय. थप्पी लावली तं आतून तापते."

"काऊन रे, माह्यापेक्षा तुले जास्त समजते?" मालकांनी त्याच्या ओंजळीत धान ओतलं. "आधी चाव. मंग बोल."

तो चावत राहिला. ओठांच्या कडेनं लाल लाळ हनुवटीवर आली. मालक चहा पीत बघत होते. तोंड भरलेलं असलं की माणसाला बोलता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी लोखंडाची, तरी त्या दिवशी माझाही जीव कळवळला.

थप्पी लागली. पुढे गोदामातून आंबूस वास यायला लागला. पोती उघडली तर दाणे पिवळे पडलेले, आत हात घालवेना इतकी वाफ. गिरणी बुडता बुडता राहिली. मालकांनी हाय खाल्ली आणि खुर्ची सोडली.

त्या खुर्चीत योगराज बसला, तेव्हा मला वाटलं, सुटलो बुवा! त्यानं पाकिटं काढली, ती नागपूरपर्यंत खपली. ओलावा मोजायचं यंत्र आणलं. मूठभर धान टाकलं की काचेवर आकडा. गावात त्याचा सत्कार झाला, तिथं त्यानं माणसांचं ऐकून घेण्यावर भाषण ठोकलं आणि टाळ्या घेतल्या. मला खिळ्याला टांगलं. यंत्राला मूठभरच तर धान लागतं, ते पोत्याच्या तोंडातून घेतलं तरी झालं, असं त्याचं म्हणणं. मी गंजत गेले.

यंदा उन्हाळी धान निघालं तेव्हा पुन्हा अवकाळी आला. गाडी लागली, यंत्रानं वरच्या मुठीचा आकडा चांगला दाखवला. ताराचंदजी काठी टेकत काट्याशी आले, माझ्याकडे बोट दाखवून हळूच म्हणाले की वरचं नको, पोटातलं काढून बघ. सांगणं अगदी बरोबर होतं. योगराज उठला. त्यानं बापाची ओंजळ काठोकाठ भरली.

"चावा, बाबूजी. मंग बोला."

म्हाताऱ्यानं कवळी काढली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि तो हिरड्यांनी धान चावू लागला. कुणी हसेना. मग योगराजनं केवळरामकडे पाहिलं, तसा केवळराम हसला आणि बाकीचेही हसले.

खिडकीतून मंजूला गाडीतल्या खालच्या पोत्यांच्या बुडाचे काळे, ओले डाग दिसत होते. तिनं तोंड उघडलं. सासऱ्यांची हनुवटी पाहिली आणि मिटलं.

"तुले काही म्हणाचं हाय का?" योगराजनं विचारलं.

"नाई," ती म्हणाली.

गाडी उतरली.

मित्रांनो, मला पुसा, तेल लावा, अशी विनंती मी करणार होते. राहू द्या ते. उद्या तुमच्यातलं कुणी अशाच एखाद्या खुर्चीवर बसेल. तेव्हा एवढंच ध्यानात ठेवा, की भोसकल्यावर पोत्याच्या पोटातलं बाहेर येतं; माणसाच्या पोटातलं आतच राहतं. समोरच्याचं तोंड तुम्हाला सावध करण्यासाठी आहे, त्यात धान कोंबू नका.

सकाळपासून गोदामातून तोच आंबूस वास येतो आहे. मंजू तिथून जाताना नाकाला पदर लावते आणि कुणाला काही सांगत नाही.