धुक्यातल्या सहा शिट्ट्या

ऊना टलकच्या ऑफिसात एक टेलिफोन होता आणि तो कुणाचाच नव्हता. दोन टेबलांच्या मधे, जुन्या फायलींच्या गठ्ठ्यावर तो पडलेला असे. तो वाजू लागला की आठही माणसं एकाएकी कामात बुडून जात. कुणी संगणकाच्या पडद्याला डोळे लावी, कुणी खण उघडून काहीतरी शोधायला लागे. वाजून वाजून तो गप्प झाला की सगळे एकमेकांकडे बघून हसत. तुमच्या ऑफिसातही असा एखादा फोन असेलच! ऊनाला त्यात काही वावगं वाटत नसे. बाई वाईट नव्हती. शेजारच्यांची मांजरं सांभाळायची, कुणाच्या आजारपणात सूप घेऊन जायची. फक्त, सगळ्यांचं मिळून जे काम असतं, ते आपलं असतं असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

स्कॉटलंडात तीन हजार फुटांवरची दोनशे ब्याऐंशी शिखरं आहेत. ती एकेक करून पायाखाली घालायची आणि यादीत खूण करायची, हे वेड तिथल्या घराघरांत आहे. ऊनाचा शाळेपासूनचा मित्र इनिस मोफट हा त्यातला अट्टल. धंद्याने सुतार, पण सुट्टीच्या दिवशी घरी दिसला तर बायको विचारायची, "बरं नाहीये का तुला?" त्याची एकशे सत्त्याण्णव झाली होती. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी एकाच धारेवरची तीन शिखरं करून दोनशेचा आकडा गाठायचा, असा त्याचा बेत होता. सोबत ऊना आणि दातांचा डॉक्टर स्ट्रुअन बेअर्ड.

"संध्याकाळी सगळ्यांना बिअर माझ्याकडून," पहाटे दरीतून चढायला लागताना इनिस म्हणाला.

"ऐकलंस ना ऊना? साक्षीदार आहेस हं तू," स्ट्रुअन म्हणाला. "वीस वर्षांत पहिल्यांदा सुटतोय याचा हात."

पहिलं शिखर साडेदहाला झालं. माथ्यावर रचलेल्या दगडांच्या राशीपाशी उभं राहून त्यांनी ओटची बिस्किटं आणि चीज खाल्लं, थर्मासातला चहा घेतला. आदल्या रात्री पहिल्या बर्फाचा पातळ थर पडून गेला होता. ते पुढे निघाले आणि खालून धुकं वर आलं. बघता बघता दरी गेली, समोरची धार गेली, आणि पुढे चालणारा इनिस नुसता एक करडा ठिपका होऊन राहिला. खाली कुठेतरी माजावर आलेले हरणांचे नर ओरडत होते. ते घोगरं, लांबलचक ओरडणं कुठल्या बाजूने येतंय तेच कळत नव्हतं.

पावणेबाराच्या सुमाराला ऊनाने ती शिट्टी ऐकली.

बारीक, चिरकी. एक. मग दुसरी. ऊना नकळत मोजू लागली. सहा झाल्या आणि थांबल्या. तिने घड्याळ पाहिलं. मिनिटभराने पुन्हा सहा.

डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की मिनिटाला सहा शिट्ट्या म्हणजे 'वाचवा'.

तिने पुढच्या दोघांकडे पाहिलं. स्ट्रुअन मघापासून एक गाणं गुणगुणत होता, तो गप्प झाला होता. पण दोघांपैकी कुणी थांबलं नाही. 'यांनी ऐकलं असतं तर थांबले नसते का?' असं तिने स्वतःला समजावलं. इनिस एकदम मोठ्याने बोलायला लागला, "या धारेवर तो एक पक्षी असतो बघ. अगदी माणसासारखा शीळ घालतो."

"आणि ते जुन्या कुंपणाचे लोखंडी खांब," स्ट्रुअन घाईघाईने म्हणाला. "त्यांच्या भोकांतून वारा गेला ना, की असाच आवाज येतो."

वारा मुळीच नव्हता. आणि कुणी काही विचारलंही नव्हतं!

तिघांची पावलं मात्र भराभर पडू लागली.

थोडं पुढे, खिंडीत, बर्फात वाटेवर बुटांचे पुष्कळ ठसे होते. त्यातली एक जोडी डावीकडे वळून कड्याच्या दिशेने गेली होती. परत येणारे ठसे नव्हते. इनिसचा बूट त्यातल्या पहिल्या ठशावर पडला आणि तो तसाच पुढे गेला. लाल टोपी कानांवर ओढत ऊना थांबली. मागे वळली. धुकं क्षणभर फाटलं, काळ्या खडकाची एक कड दिसली, आणि पुन्हा सगळं पांढरं झालं.

"ऊना! मागे राहू नकोस!" इनिसची हाक आली. ती निघाली.

दुसऱ्या शिखरावर कुणी फोटो काढला नाही, कुणी बसलं नाही. शिट्टी चालूच होती. कधी डावीकडून, कधी पाठीमागून, तर कधी अगदी समोरून, आपल्या पुढे कुणी वाट बघत उभं असावं तशी. ऊना मोजत होती. सहा. सहा. मग पाच. पुढच्या मिनिटाला चार. तिसऱ्या शिखराच्या चढाला लागेपर्यंत तीन, आणि तीही अशी, की जणू कुणी नुसता श्वास सोडतंय.

मग काहीच नाही.

हरणंही गप्प झाली होती. त्या शांततेत ऊनाला आपल्या कानांतलं रक्त ऐकू येत होतं. एक मिनिट गेलं. दोन गेली. आवाज थांबावा म्हणून ती तासभर मनातल्या मनात विनवणी करत होती, आणि आता तो थांबला तेव्हा ती जागच्या जागी उभी राहिली.

"थांबा!" ती ओरडली. "तुम्ही दोघांनी ऐकलंय! पहिल्यापासून ऐकलंय!"

इनिस वळला. त्याचा चेहरा बर्फासारखा झाला होता. "मला वाटलं, तुम्हाला ऐकू आलं नाही," तो म्हणाला. "मला भास होतोय असं वाटलं."

"मी मोजत होतो," स्ट्रुअन पुटपुटला. "शेवटी तीन होत्या."

"आणि आपण तिघं चालत राहिलो!" ऊना म्हणाली.

तिसरं शिखर दोनशे फुटांवर होतं. त्याकडे कुणी बघितलंही नाही. ते धावतच मागे निघाले. पाऊण तासाने खिंडीत पोचले. तो एकटा माग धरून, बसत, घसरत ते कड्याखाली उतरले. तिथे एका खडकाच्या आडोशाला थंडीपासून वाचवणाऱ्या नारिंगी पिशवीत गुरफटलेली एक म्हातारी बाई बसली होती. एक पाय गुडघ्याखाली भलताच वळलेला. ओठ निळे. शिट्टी ओठांतच, पण वाजत नव्हती. डोळे उघडे होते आणि ते सरळ ऊनाकडे बघत होते.

त्या डोळ्यांची पापणी हलेपर्यंत कुणालाच श्वास घेववला नाही.

"लाल टोपी," बाई म्हणाल्या. "तूच होतीस ती."

त्यांचं नाव ग्रिझेल लोगन. शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झालेल्या. फोन लागत नव्हता, म्हणून स्ट्रुअन मदत आणायला खाली पळाला. इनिसने आपलं जाकीट काढून त्यांच्याभोवती गुंडाळलं, आणि ऊना त्यांना पाठीमागून कवेत घेऊन बसली. त्यांना झोपू द्यायचं नव्हतं, म्हणून बोलत ठेवायचं होतं. बाईंनाही बोलायचंच होतं.

"धुकं फाटलं तेव्हा तू वळलीस," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, आली. मग तू गेलीस."

ऊनाला हुंदका आला. "मला माफ करा, बाई. मला वाटलं, हे दोघं काही बोलत नाहीत, म्हणजे..."

"म्हणजे काही नसेल. माहितीये मला. तुमच्या आधी दोघं जण गेले, तेही क्षणभर थांबून गेले. रडू नकोस गं, मानेवर पाणी पडतंय माझ्या, आधीच गारठलेय मी." मग त्यांनी पिशवी गळ्याशी ओढून घेतली. "मी एकतीस वर्षांची होते. आम्ही पाच जणी होतो, असंच धुकं. शिट्टी ऐकू आली. पाचही जणींनी ऐकली. माझ्या मनात आलं, मी थांबले तर चौघी हसतील. तिसऱ्या दिवशी शिट्टी वाजवणाऱ्या त्या मुलाचं प्रेत खाली आणलं. वीस वर्षांचा होता."

इनिसने मान खाली घातली.

"आज मी शिट्टी वाजवत होते ना," बाई हळूच म्हणाल्या, "तेव्हा वर धारेवरून जाणारी माणसं मला दिसत होती. धुक्यात माणसाचा चेहरा दिसत नाही. पण त्यातली एक मी होते. एकतीस वर्षांची. मी तिला हाक मारत होते आणि ती वळत नव्हती."

 ऊनाने वर पाहिलं. वर काहीच नव्हतं, नुसतं पांढरं.

"पाच जणींत एकही दुष्ट नव्हती," बाई म्हणाल्या. "हे लक्षात ठेव. सगळ्या चांगल्या घरच्या, चांगल्या मनाच्या. जी ती दुसरीच्या तोंडाकडे बघत होती, एवढंच. तेवढं पुरतं माणूस मरायला."

"पण मी परत आले, बाई."

"आलीस," त्या म्हणाल्या आणि गार बोटांनी तिचा हात दाबला. "मी नव्हते आले."

बचाव पथकाची माणसं दिवस मावळायच्या बेतात पोचली. धुक्यात हेलिकॉप्टर चालणार नव्हतं, तेव्हा स्ट्रेचर खांद्यावरूनच उतरवायचं होतं. इनिसने एक दांडी खांद्यावर घेतली ती पायथ्यापर्यंत सोडली नाही. खाली रुग्णवाहिका उभी होती. बाईंना आत घेतल्यावर पथकाचा प्रमुख वही काढून म्हणाला, "पहिल्यांदा शिट्टी किती वाजता ऐकलीत?"

स्ट्रुअनने घसा साफ केला. "साधारण एकच्या..."

"पावणेबारा," ऊना म्हणाली. "पावणेबाराला आम्ही तिघांनीही ऐकली. एक वाजून गेल्यावर मागे वळलो. मधे आम्ही चालत होतो."

प्रमुखाने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. "हे कुणी सांगत नाही," तो म्हणाला. "पण ऐकलेली असते जवळजवळ सगळ्यांनीच." आणि त्याने वेळ लिहून घेतली.

ग्रिझेलबाई वाचल्या. पायाची दोन बोटं मात्र गेली, आणि आता काठी घेऊन चालतात. ऊना दर रविवारी त्यांच्याकडे जाते. त्यांच्याच सांगण्यावरून ती पथकात भरती झाली. नव्या पोरापोरींना ती नकाशा, दोर शिकवते, पण त्याआधी त्यांच्यासमोर उभी राहून तो तास-सव्वातास सांगते, आपली लाज न लपवता.  कधी कधी धारेवर धुकं आलं की तिला काहीच नसताना सहा शिट्ट्या ऐकू येतात. सोबतचे म्हणतात, भास आहे. ती थांबते. जाऊन बघून येते.

वाचकहो, आपल्या गल्लीत, जिन्यात, रस्त्यावर कुणीतरी हाक मारतं, आणि आपण आधी शेजारच्याच्या चेहऱ्याकडे बघतो. तोही त्याच वेळी आपल्याकडे बघत असतो! दोन घाबरलेली माणसं एकमेकांना धीर देतात आणि तिसरं मरतं. तेव्हा हाक कानावर पडली की पहिल्यांदा मोठ्याने बोला, "मी ऐकलं." चुकलात तर चार पावलं फुकट जातील, लोक हसतील, बस्स. हसू द्या. थांबा आणि वळा!