हौदात टाकलेला रंग

ओव्हरसियरला गायरानाची जागा दाखवताना तोताराम पाटील खोटं बोलला.

१९५७ सालची गोष्ट. अमळनेरपासून पाच कोसांवरच्या त्या गावात पंचायतीनं गटारं बांधायला घेतली होती. सगळ्या गल्ल्यांचं सांडपाणी एका हौदात आणायचं, गाळ तळाशी बसू द्यायचा आणि वरचं पाणी पाटानं शेतांना सोडायचं, असं ठरलं. ओव्हरसियरला तोतारामचं नाल्याकाठचं शेत पसंत पडलं होतं. पण तिथं कपाशी छातीएवढी व्हायची. तोताराम पंचायतीचा सभासद. तो म्हणाला, "साहेब, गायरान बघा. तिथं खाली कातळ आहे, पाणी मुरणार नाही."

कातळ नव्हता, मुरूम होता. आणि गायरानाच्या उतारावर तीस घरांची वस्ती होती, तिची एकच विहीर.

हौद झाला. गावातला चिखल गेला. वर्षभर कुणाची काही तक्रार नव्हती.

पुढच्या वर्षी, दिवाळीनंतर, वस्तीतली भिकुबाई तोतारामच्या शेतात कापूस वेचायला आली तेव्हा म्हणाली, "आबा, इहीरना पानीले वास येस."

"पाला पडना व्हई," तोताराम म्हणाला आणि बैलांकडे वळला.

त्याच आठवड्यात वस्तीत ताप सुरू झाला. आठव्या दिवशी भिकुबाईची नऊ वर्षांची मुलगी गेली. तोताराम मातीला गेला, पण त्याला तिथं उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी तो अमळनेरला गेला आणि झुलाल रंगाऱ्याकडून लुगड्यांचा लाल रंग घेऊन आला. डबा पाहून बायकोनं, झुंबरबाईनं विचारलं, तेव्हा त्यानं सांगून टाकलं. हौदात रंग टाकायचा आणि पाणी कुठं जातं ते पाहायचं.

"अन् लाल पानी इहिरमा उनं तं?" ती म्हणाली.

त्यानं डबा उचलला आणि हौदाकडे निघाला.

रंग टाकल्यावर तो रोज सकाळी विहिरीवर जाऊन पोहरा काढून पाहू लागला. तीन दिवस पाणी स्वच्छ निघालं. त्याला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. पाचव्या दिवशी तो पोहोचला तेव्हा भिकुबाई आधीच पाणी ओढत होती. हंड्यातलं पाणी गुलाबी होतं.

"हाई काय शे, आबा?"

काहीही सांगता आलं असतं. त्यानं खरं सांगितलं. रंग आपणच हौदात टाकला, आणि गायरानात कातळ नाही हे आपल्याला आधीपासून माहीत होतं.

भिकुबाईनं हातातला दोर सोडला. "मी सांगं तवय बी माहीत व्हतं?"

"हा."

तिनं हंडा पालथा केला आणि रिकामाच घेऊन घरी गेली.

दुपारी तोतारामनं पंचायतीत सगळं सांगितलं. सरपंच रुपचंद म्हणाला, "रंगाचं कोणाला माहीत आहे?"

"वस्तीला."

"मग तू का कबूल करून बसतोस? डॉक्टर येईल, बघेल."

"डॉक्टर येईपर्यंत लोक तेच पाणी पितील," तोताराम म्हणाला. त्यानं तिथंच नाल्याकाठचं शेत हौदासाठी लिहून दिलं.

विहीर बंद केली. वस्तीतल्या बायका गावच्या विहिरीवर येऊ लागल्या. काही जणांनी नाकं मुरडली, तेव्हा त्यांना कुणी अडवू नये म्हणून झुंबरबाई रोज सकाळी रहाटाजवळ जाऊन उभी राहू लागली. तरी आधीच तापानं धरलेली दोन माणसं गेली. नवा हौद चैत्रात झाला, पक्क्या तळाचा, आणि वस्तीची नवी विहीर ज्येष्ठात.

भिकुबाई पुन्हा तोतारामकडे कामाला आली नाही. मैलभर लांबच्या शेतात जायची. एकदा बांधावर त्यानं तिला थांबवलं.

"भिकुबाई, काहीतरी बोल."

"काय बोलू, आबा? मी सांगं तवयच खरं सांगतात तं..." डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती निघून गेली. त्यानंतर तोतारामनं तिला कधी थांबवलं नाही.