पऱ्ह्यावरचा साकव

पावसाआधी पऱ्ह्यावर पोफळीच्या खोडांचा साकव घालायचा, तो दोन्ही काठांच्या वाड्यांनी मिळून, ही आमची रीत. चोपन्न साली पोफळी कोणी तोडायच्या यावरून बिनसलं आणि दोन्ही वाड्या एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसल्या.

श्रावणात माझी बहीण सकिना बाळंतपणात अडली. सुईण हफीजाखाला पलीकडच्या वाडीतली. ती धावत काठावर आली, पण पऱ्ह्याला पूर. मी आमच्या वाडीत हाका मारल्या, तिने तिच्या. दोन्हीकडून एकच उत्तर आलं, "पाणी ओसरू दे." खाला तिथूनच ओरडून काय करायचं ते सांगत राहिली. दुपारी सकिना गेली, पोटातल्या बाळासकट. मी काठावर जाऊन खालाला हातानेच खूण केली, आता राहू दे.

कबरस्तान पलीकडेच. तेव्हा मात्र न बोलावता माणसं कोयते घेऊन आली. पलीकडच्या श्रीपतीने स्वतःच्या बागेतल्या पोफळी तोडल्या, आमच्या लोकांनी काथ्या आणला. पाणी ओसरलं नव्हतं. तरी घटकाभरात साकव उभा राहिला.

सकिनाचा जनाजा खांद्यावर घेऊन आम्ही त्यावरून गेलो. साकव जरासुद्धा हलला नाही.