शिक्केसाहेबांनी दिलेली चिठ्ठी

मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. अंगावर काटा आला तर शेजारच्याचा हात धरा, पण मधेच उठून पळू नका. मेल्यावरसुद्धा मत द्यायला आलेल्या एका बाईची गोष्ट सांगते तुम्हाला.

मी एक जुनी मतपेटी आहे. लाकडाची, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या आणि झाकणाला एक फट. शिकलेली नाही हो मी. जन्मभर कागद गिळले, पण वाचता एक अक्षर येत नाही. दिसलं, कानावर पडलं आणि अंगाला लागलं, तेवढंच सांगते.

सुतारानं मला घडवलं तेव्हा ती फट घासायचं काम त्याच्या बायकोनं केलं. बोट आत घालून घालून बघायची, कुठं लाकडाचं कुसळ राहिलं का.

"यात काय टाकतात?" तिनं विचारलं.

"मतं."

"मग मीही टाकीन एक. फट तर मीच केलीय."

सुतार हसला. "तू नीट घास. कुणा पुरुषाचं बोट सोलवटलं तर मला बोलणी बसतील."

तेव्हा असंच होतं. मत फक्त पुरुषांचं. बायकांची नावं यादीतच नव्हती. का, असं विचारलं तर सांगायचे, घरचा माणूस देतो ना, त्यात तुमचंही आलंच की!

मला कचेरीत आणली. तिथल्या मोठ्या कारकुनाला सगळे शिक्केसाहेब म्हणायचे. कागद दिसला की त्याचा हात आपोआप शिक्क्याकडे जायचा. मतदान सुरू होण्याआधी तो मला सगळ्यांसमोर उलटी धरायचा, बुडावर तीन थापा मारायचा आणि ओरडायचा, "बघा, रिकामी आहे!"

पहिल्याच वेळी दारातून एक आवाज आला. "अरे, हळू मार! तुलाही असंच उलटं धरून थोपटलं होतं मी. तेव्हा कुठं रडलास."

सगळी खोली हसली. ती होती सुईण. त्या रांगेतल्या निम्म्या पुरुषांची नाळ तिनं कापलेली. सगळे तिला मावशी म्हणायचे.

मावशी टेबलापाशी आली. "माझी चिठ्ठी दे."

"मावशी, तुझं नाव यादीत नाही."

"तू बाहेर आलास तेव्हा मी यादी बघितली होती का?"

शिक्केसाहेब ओशाळला. माणूस वाईट नव्हता, पण नाही म्हणायची हिंमत नव्हती त्याच्यात. कचेरीतली माणसं नडलेल्याला जे सांगतात तेच त्यानं सांगितलं. "पुढच्या वेळी ये."

ती पुढच्या वेळी आली. त्याच्या पुढच्या वेळीही आली. चौथ्या वेळी म्हणाली, "आता लिहून दे. तोंडाचं काय, वाऱ्यावर जातं."

मागची रांग खोळंबली होती. कुणीतरी खेकसलं, "म्हातारे, घरी जा, पोरं सांभाळ!"

"तुला सांभाळला तेच चुकलं," मावशी म्हणाली.

तिला कटवायचं म्हणून शिक्केसाहेबानं चिठोऱ्यावर खरडलं, 'पुढच्या वेळी यावे.' आणि सवयीनं खाडकन शिक्का मारला. मावशीनं चिठ्ठीची घडी केली, मुठीत धरली आणि हसून बाहेर पडली.

त्याच वर्षी ती गेली. प्राण गेला तरी मूठ मिटलेलीच. लेकीनं खूप प्रयत्न केला, बोटं उघडेनात. तशीच पोचवली तिला, चिठ्ठीसकट.

पुढचं मतदान आलं. तीन थापा, रिकामी आहे, सगळं रीतसर झालं. दुपारी रांग जरा तुटली. टेबलासमोर कुणी नव्हतं. आणि मित्रांनो, माझ्या झाकणावर एक हात टेकला. ओला हात. नुकताच गरम पाण्यातून काढलेला असावा तसा. फटीतून काहीतरी आत आलं. मी वर बघितलं, तर वर कुणीच नाही.

संध्याकाळी मोजणी झाली. यादीवर सह्या तीनशे नऊ, पेटीतून निघाले कागद तीनशे दहा. शेवटचा कागद ओला होता. धाकट्या कारकुनानं तो मोठ्यानं वाचला, "पुढच्या वेळी यावे. अहो साहेब, हे अक्षर तुमचं आहे."

शिक्केसाहेबाचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं चिठ्ठी फाडली, बारीक तुकडे केले आणि शेगडीत टाकले. पुढच्या मतदानाला ती पुन्हा निघाली. अख्खी. ओली. कागदाला जळल्याचा वाससुद्धा नाही.

आता असं समजू नका, की भुतानं घाबरवलं आणि बायकांना मत मिळालं. छे! भूत फक्त येत होतं. लढल्या त्या जिवंत बाया. मावशीची लेक लाँड्रीत इस्त्री करायची. तिनं लाँड्रीतल्या साऱ्याजणींना गोळा केलं. दर मतदानाला सकाळपासून दारात उभ्या. प्रत्येकीचं एकच म्हणणं, "लिहून द्या." शिक्केसाहेब आता कुणाला एक अक्षर लिहून देईना. मोर्चे निघाले, तुरुंग झाले. एकदा पोलिसाची काठी लेकीच्या मनगटावर बसली. तेव्हापासून ती डाव्या हातानं इस्त्री करायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "उजवा हात मतासाठी राखून ठेवलाय."

अखेर कायदा झाला. त्या दिवशी बायकांची रांग जिना उतरून कोपऱ्यापर्यंत गेली होती. पहिली लेक. मत टाकताना तिनं वाकडा हात माझ्या फटीवर टेकला. पण मला कळलं, तिच्या हाताखालून आणखी एक हात आत आला. ओला.

मोजणीला बायका थांबल्या. कागद एक जास्त निघाला. या वेळी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला खूण होती. मताची, ठळक.

लेकीनं ती ओळखली. ती ओरडली नाही की रडली नाही. "आईचं आहे. मोजा."

"बाई, मेलेल्याचं मत कायद्यात बसत नाही," धाकटा कारकून म्हणाला.

"जिवंत होती तेव्हा तरी कुठं बसलं?"

शिक्केसाहेब म्हातारा झाला होता. त्यानं पेन तीनदा उचललं, तीनदा ठेवलं. "ती गप्प बसेल म्हणून दिली गं चिठ्ठी. ती खरंच येईल, असं वाटलं नव्हतं."

"आई सांगितल्या वेळेला नाही आली, असं कधी झालंय का?"

मग त्यानं पुटपुटत चिठ्ठीवर लिहिलं, 'बाद'. दुसरं काही त्याच्या हातात नव्हतं, हे लेकीलाही कळत होतं. तरी ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तो खाली. त्यानं चिठ्ठी पुन्हा माझ्यात टाकली, कुलूप लावलं. मावशीचं मत काही मोजलं गेलं नाही, मित्रांनो. उशिरा दिलेला हक्क जिवंत माणसांना पुरतो, गेलेल्यांपर्यंत पोचत नाही.

पुढं लोखंडी पेट्या आल्या, मग यंत्रं आली. मी अडगळीत, मोडक्या खुर्च्यांखाली. मला कुणी पुसत नाही, त्याचं फारसं वाटत नाही. पण मतदानाच्या दिवशी माझ्या आत टकटक सुरू होते. रागाची नाही हो. रांगेतलं माणूस पुढच्याच्या पाठीला बोट लावून विचारतं ना, माझा नंबर आला का, तशी. दिवसभर. मी काय सांगू तिला?

म्हणून एक मागणं आहे. मतदानाच्या दिवशी तुमच्या घरातली एखादी ताई, मावशी, काकू अंथरुणातच कूस बदलून म्हणाली, "माझ्या एका मतानं काय होतंय," तर तिच्याशी भांडू नका. तिला फक्त इथं घेऊन या. तिचा तळहात माझ्या झाकणावर ठेवा. आणि आतून टकटक झाली, तर उत्तर तिलाच देऊ द्या.