हवा चाखणारी

रविवारची सकाळ होती, पण त्या घरात टेबलावर चहाचे कप ठेवायला जागा नव्हती. टेबलावर एका ग्लायडरची शेपूट आडवी पडली होती आणि घरची बाई तिच्यावर ताणलेल्या कापडाला बारीक टाके घालत होती. खोलीभर रोगणाचा वास कोंदला होता. बाहेरून येणाऱ्याला त्या वासाने ठसका लागे; घरातल्या तिघांना तो वास येतो हेही ठाऊक नव्हतं.

"अहो, कप खिडकीत ठेवा. शेपटीवर डाग पडला तर चिटणीस डॉक्टर माझे दात काढतील."

"काढू देत. तेवढं तरी फुकटात होईल," नवरा म्हणाला, आणि कप घेऊन उंबऱ्यातच बसला.

त्याला सगळे दोरवाले म्हणत. ग्लायडरला इंजिन नसतं. मैदानाच्या एका टोकाला ते उभं राहतं, दुसऱ्या टोकाला विंच असतो आणि मध्ये किलोमीटरभर पोलादी दोर पसरलेला असतो. विंच फिरू लागला की दोर गुंडाळला जातो आणि ग्लायडर पतंगासारखं वर चढतं. वर गेल्यावर दोर सुटतो. मग पुढचं सगळं हवेच्या भरवशावर. कुठे तापलेल्या जमिनीवरून ऊन हवा वर चढत असेल ती शोधायची, तिच्यात गोल गोल फिरत उंची मिळवायची, नाहीतर निमूट खाली यायचं. तो विंच दोरवाले वीस वर्षं चालवत होते. मैदानावरचं एकही ग्लायडर असं नव्हतं की ज्याला त्यांनी वर पाठवलं नव्हतं, आणि एकही पंख असा नव्हता की ज्यावर त्यांच्या बायकोची सुई फिरली नव्हती.

आतल्या खोलीतून मुलगी एक कागद फुंकत बाहेर आली. शाई अजून ओली होती.

"बाबा, बघा बरं, काही राहिलं का."

प्रादेशिक स्पर्धेचा प्रवेशअर्ज होता. दोरवाल्यांनी तो हात लांब करून धरला, मग कपाळावरचा चष्मा खाली ओढला. मुलगी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. हा चष्मा तिनेच करून दिलेला. सलग पाच तास हवेत राहणं, पन्नास किलोमीटरचा पल्ला, हजार मीटरची चढण. तिन्ही अटी पुऱ्या, तिन्हींपुढे तारखा.

ती उडायला कशी शिकली तेही सांगायला हवं. मैदानावर नोकरांच्या मुलांना एक सवलत होती. सभासदांची सगळी उड्डाणं आटोपली आणि दिवस मावळायला अवकाश उरला, तर शेवटचं एखादं उड्डाण त्यांना मिळे. त्या वेळेला जमीन निवत आलेली असते, हवेत जीव नसतो. दुपारच्या भरल्या हवेत सभासद शिकले. ही शिकली ती उरल्यासुरल्या हवेत. म्हणूनच की काय, जिथे इतरांना काहीच लागत नसे तिथे हिला चढती हवा सापडायची. बाकीची मुलं दोनचार वेळा वर जाऊन आली आणि विसरली. ही विसरली नाही; पुढे सभासद न फिरकलेल्या तीन दुपारी तिने त्या तिन्ही अटी पुऱ्या केल्या.

"काही राहिलं नाही," दोरवाले म्हणाले. "चिटणिसांची सही तेवढी. मी आणतो."

"मी येऊ?"

"तू कशाला? माझा शब्द डॉक्टर मोडायचे नाहीत."

मैदानाचे चिटणीस धंद्याने दंतवैद्य होते, आणि माणूस खरोखरच भला होता. दोरवाल्यांची दाढ त्यांनी दोनदा हळुवार हाताने भरली होती. त्यांनी अर्ज वाचला, मान डोलावली, आणि खुर्चीत मागे रेलले.

"दोरवाले, तुमची मुलगी गुणी आहे. माझ्या पुतण्यापेक्षा चांगली उडते, हे मी घरीही सांगतो. पण नियम नऊ."

"तो काय आहे?"

"तुम्हाला माहीत नाही? अहो, तुमच्याच सहीचा आहे."

कपाटातून एक पिवळी पडलेली फाईल निघाली. चिटणिसांनी बोटाने ओळ दाखवली. मैदानाकडून वेतन घेणारी व्यक्ती व तिच्याबरोबर राहणारे कुटुंबीय कोणत्याही स्पर्धेत भाग घेणार नाहीत. खाली दोरवाल्यांची सही, आणि सहीशेजारी काळ्या ग्रीसचा अंगठ्याएवढा डाग.

अठरा वर्षांपूर्वीची ती दुपार दोरवाल्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. मुलगी तेव्हा चार वर्षांची. मैदानाच्या कडेचं दोन खोल्यांचं घर मिळणार होतं, आणि त्या घरात नळ आत होता. बायको पाच वर्षं दोन गल्ल्या ओलांडून पाणी भरत होती. कोणीतरी विंचजवळ कागद आणला, "घराचा आहे, सही करा," म्हणाला. दोरवाल्यांनी हात पँटला पुसले न पुसले तोच सही ठोकली. वाचायचं काय त्यात? आभाळ ठेंगणं झालं होतं.

"पण डॉक्टरसाहेब, हा नियम कशासाठी?"

"न्यायासाठीच. जे मैदानावरच राहतात त्यांना इथली हवा पाठ असते. बाहेरून येणाऱ्यांवर तो अन्याय नाही का?"

"तुमचा पुतण्या तर रोज इथेच असतो."

"तो सभासद आहे." चिटणीस हसले, त्यात खोट काही नव्हती, त्यांना ते उत्तर पुरेसंच वाटत होतं.

"त्याचे पाच तास अजून झाले नाहीत म्हणे."

"समितीने त्याला यंदा सवलत दिलीय. तसा अधिकार असतो समितीला."

"मग तिलाही द्या."

"सवलत अटींना देता येते, दोरवाले. माणसाला कशी देणार?" बराच वेळ ते पेन फिरवत राहिले. मग एकदम उजळून म्हणाले, "असं करू. तिला हवा चाखायला देतो. मानाचं काम आहे."

स्पर्धेच्या दिवशी सगळ्यांच्या आधी एक ग्लायडर वर सोडतात. ते टिकलं तर हवा चांगली, मग बाकीच्यांनी निघायचं. याला मैदानावर हवा चाखणं म्हणत. चाखणारा जिथे फिरत असेल तिथे सगळे धावत जातात, आणि स्पर्धेची वेळ सुरू होण्याआधी चाखणाऱ्याने खाली उतरायचं असतं.

घरी परतताना दोरवाल्यांनी मैदानाला दोन फेऱ्या जास्त मारल्या. दारात शिरले ते मात्र हसत.

"अगं, निवड झाली तिची! सगळ्यांच्या आधी वर जाणार. पाचही दिवस!"

बायकोने सुई कापडातच थांबवली. "आणि अर्ज?"

"अर्जाचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले."

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. "बाबा, निकालात नाव असतं का चाखणाऱ्याचं?"

"निकालाचं काय घेऊन बसलीस? सगळ्यांच्या वर तू असशील!"

"असतं का पण?"

"नसतं," दोरवाले म्हणाले, आणि हात धुवायला आत गेले. नळ बराच वेळ वाहत राहिला. कागदाबद्दल ते बोलले नाहीत. बायकोला नंतर सांगितलं, ते पोरीला न सांगण्याच्या बोलीवर.

स्पर्धेला सव्वीस ग्लायडर आली. पहिले चार दिवस ठरल्याप्रमाणे झालं. मुलीने चष्म्याच्या दुकानातून रजा काढली होती. ती वर जाई, दहा-पंधरा मिनिटांत कुठेतरी वळण घेऊन चढू लागे, आणि खाली एकच गडबड उडे. "सापडली हवा! चला, चला!" दोरवाले एकामागून एक सव्वीस ग्लायडर वर ओढत. सव्वीसच्या सव्वीस तिच्याभोवती गोळा होत. मग रेडिओवरून निरोप जाई, आणि त्या गर्दीच्या मधून एक ग्लायडर मुकाट्याने खाली येई.

"चाखून झालं का गं?" पुतण्या एकदा गमतीने म्हणाला. "आम्हाला वाढून तू उपाशी!"

"तुला पाच तास वर बसायचंय अजून," शेपटीचं कापड तपासणारी तिची आई मान वर न करता म्हणाली. "जेवणाच्या टेबलावर तरी बसतोस का तेवढा?"

सगळे हसले. पुतण्याही हसला. वाईट मुलगा नव्हता तो.

पाचव्या दिवशी आभाळ भरून आलं. ऊन नाही, वारा नाही. पुतण्या दुसऱ्या क्रमांकावर होता. आज उड्डाणं झाली नाहीत तर तो तिथेच राहणार होता. बारा वाजता मुलीचं ग्लायडर दोराशी नेऊन ठेवलं, आणि ती त्यात बसेना.

"आज मी जाणार नाही," ती म्हणाली, आणि पंखाखाली मांडी घालून बसली.

निरोप विंचपर्यंत पोचला. पाठोपाठ चिटणीस स्वतः गाडीतून आले. त्यांनी आवाज चढवला नाही. दोरवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तिला समजवा. सव्वीस माणसं लांबून आलीत." मग मैदानाच्या कडेच्या त्या दोन खोल्यांकडे बघत ते म्हणाले, "घरांची यादी या महिन्यात नव्याने व्हायचीय. तुमचं नाव मी वरच ठेवलंय, काळजी नको."

एवढंच. याला कोणी धमकी म्हणेल का? दोरवाल्यांनाही म्हणता आलं नसतं. ते विंच सोडून गाडीत बसले.

गाडीने त्यांना दुसऱ्या टोकाला सोडलं. ते मुलीशेजारी गवतात बसले.

"आहे का हवा?" त्यांनी विचारलं.

"आहे. वीटभट्टीच्या मागे, नांगरलेल्या वावरावर. थोडीच आहे, पण आहे." तिने गवताची काडी मोडली. "त्यांना नाही सापडायची. आपल्याला संध्याकाळी मिळायची ना, तसली आहे."

"हं."

"बाबा, आईनं सांगितलं मला. कागदाचं. स्पर्धेच्या आधीच."

दोरवाल्यांनी मान खाली घातली.

"मी काही म्हणाले का तुम्हाला?"

"नाही."

"मग आज तुम्ही मला सांगू नका जा म्हणून. बाकी कोणीही सांगू दे."

आता उठावं, चिटणिसांना जाऊन सांगावं, माझी मुलगी जाणार नाही; असं दोरवाल्यांच्या मनात आलं, अगदी ओठांपर्यंत आलं. पण तोंडून निघालं ते भलतंच.

"डॉक्टर घराचं बोलत होते."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या हातांकडे पाहिलं. नखांत वीस वर्षांचं ग्रीस होतं. मग ती उठली, अंगावरचं गवत झटकलं आणि पॅराशूटचे पट्टे आवळू लागली.

"जा, विंचवर जा," ती म्हणाली. "दोर लावायला सांगते."

दोरवाल्यांना दोराच्या ताणावरून वर कोण आहे ते कळे. कोणी हिसका देई, कोणी लोंबकळत जाई. मुलगी अशी जायची की दोराला तिचं ओझं वाटूच नये. त्या दिवशीही ती तशीच गेली. लिव्हर सोडायची वेळ आली तेव्हा त्यांना वाटलं, सोडूच नये, हिला परत खाली ओढून घ्यावं. पण दोराने वर गेलेल्याला खाली ओढता येत नाही. लिव्हर सोडावीच लागली.

वीटभट्टीच्या मागे ती वळली. एक फेरी, दोन, तीन. मग अगदी हळू चढू लागली. सव्वीस ग्लायडर तिच्याकडे धावली. सव्विसावं पोचलं तशी ती खाली आली. पुतण्या पहिला आला.

बक्षिसं वाटताना चिटणीस भरभरून बोलले. हवा चाखण्याचं काम यंदा इतकं उत्तम झालं, ते म्हणाले, की समितीने ठरवलंय, यापुढे हा मान कायम नोकरवर्गाच्या मुलांसाठीच राखून ठेवायचा. मोठा टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलगी तिथे नव्हती. ती घरी आपल्या उड्डाणवहीला कागदाचं वेष्टण घालत होती. दोन्ही टोकं चिकटवून तिने ती वही कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. आईने पाहिलं, विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी चिटणीस कागद घेऊन घरी आले. मुलगी दुकानात गेली होती. टेबलावर पंखाचा एक तुकडा होता, त्यावरच त्यांनी कागद ठेवला.

"नोकरवर्गाच्या सह्या हव्यात. इथे, खाली."

दोरवाले उठले. आत जाऊन साबणाने हात धुतले, एकेक बोट पुसलं. परत येऊन चष्मा लावला आणि कागद उचलला.

"अहो, कालचंच आहे. वाचायचं काय त्यात?"

"मागच्या वेळी राहून गेलं होतं."

ते मोठ्याने, अडखळत वाचू लागले. चिटणीस घड्याळाकडे बघत राहिले. नियम नऊमधलेच 'व तिच्याबरोबर राहणारे कुटुंबीय' हे शब्द आले तिथे दोरवाले थांबले, मागे गेले, ती ओळ पुन्हा वाचली.

"सही नाही केली तर?"

"तर काही नाही," चिटणीस समजुतीच्या सुरात म्हणाले. "ठराव व्हायचा तो होईलच. तुमची सही रीत म्हणून."

"मग नसली तरी चालेल."

कागद त्यांनी घडी न घालता परत दिला. चिटणिसांनी तो हातातच धरून ठेवला.

"दोरवाले, घराची यादी..."

"दुसरं बघतो आम्ही घर," बायको म्हणाली. तिने दोरा दाताने तोडला. "नळ बाहेर असला तरी चालेल."

ठराव एकमताने झाला. महिन्याभराने त्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. दोरवाले अजून विंचवर आहेत, कारण दोराला त्यांच्यासारखा हात दुसरा नाही. फक्त आता सायकलवरून येतात. बायको सकाळी गल्लीच्या टोकाला पाण्याच्या रांगेत उभी असते. नव्या घरातही उड्डाणवहीचं वेष्टण अजून उघडलेलं नाही.

पण दर वर्षी अर्ज सुटले की दोरवाले एक अर्ज आणतात, मुलीच्या तीन तारखा त्यात स्वतःच्या हाताने भरतात आणि चिटणिसांपुढे ठेवतात. "नाही म्हणायचं तर लिहून द्या," म्हणतात. मुलगी म्हणते, "कशाला, बाबा?" ते म्हणतात, "तू उडू नकोस. मला लिहून हवंय."

आतापर्यंत असे तीन कागद आलेत. सुयांच्या डब्यात ठेवलेत. प्रत्येकावर एकच ओळ: कारण, नियम नऊ. दोरवाले प्रत्येक कागद चष्मा लावून शेवटपर्यंत वाचतात. खाली समितीच्या सात जणांच्या सह्या असतात. त्या सातांत एकही माणूस दुष्ट नाही. सगळे सज्जन आहेत, दारात आलेल्याला पाणी विचारणारे, अगदी तुमच्याआमच्यासारखे. आणि सही करताना त्यांतल्या कोणालाही वरची ओळ वाचावीशी वाटलेली नाही.