चिकाटी कुणाच्या जिवावर

मित्रांनो, मी आता जुना झालेला टाइपरायटर आहे, आणि तोही कानडी. पण माझं सगळं आयुष्य मराठी बोलणाऱ्यांच्या बोटांखाली गेलं.

कारखान्यात माझी अक्षरं जोडली, तेल घातलं आणि लाकडी खोक्यात घालून रेल्वेनं मला सीमाभागातल्या भालकीला पाठवलं. बसस्टँडजवळ खताच्या दुकानाच्या माडीवर बसवंतप्पा मास्तरांचा टायपिंगचा क्लास होता. तिथे इंग्रजी यंत्रं तीन, कानडी मात्र मी एकटाच. तेव्हा हा भाग म्हैसूर राज्यात होता आणि कचेरीचं काम कानडीत चालायचं. घरात मराठी बोलणारी पोरं नोकरीच्या आशेनं माझ्यापुढे येऊन बसत. दर तासाला माणूस बदलायचा, एकही तास रिकामा नसायचा.

इंदिरा आणि बाणू एकाच दिवशी आल्या. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी, दोघी मॅट्रिक पास. इंदिराचे वडील रामराव दवाखान्यात शिपाई होते. बौद्ध धम्म घेतल्यापासून त्यांनी घरात एकच हट्ट धरला होता, लेकरांनी शिकायचं. आई भागाबाई दिवसभर मजुरीला जायची, तरी परत आल्यावर स्वयंपाकाला लेकीला हाक मारायची नाही. बाणू धनगराची. बाप लहानपणीच गेलेला. भाऊ धुळाप्पा मेंढरं घेऊन महिनोन्महिने रानोमाळ फिरायचा. घरी वहिनी, तिची लहान लेकरं आणि मागे ठेवलेली कोकरं. वहिनी शेतावर गेली की हे सगळं बाणूच्या अंगावर पडायचं.

खरं सांगायचं तर बोटं बाणूची चांगली होती. लोकर कातून कातून ती हलकी झाली होती. इंदिरा चाचपडत जोडाक्षर शोधायची तोवर बाणूची ओळ संपलेली असायची.

इंदिराला सकाळचा तास मिळाला, बाणूला संध्याकाळचा. संध्याकाळी लेकरं भुकेजून रडायची, कोकरं ओरडायची आणि वहिनी अजून वाटेवरच असायची. बाणू धापा टाकत यायची तेव्हा अर्धा तास संपलेला असायचा.

एके सकाळी ती इंदिराच्या वेळेला माडी चढून आली.

"इंदू, तुझी येळ मला दे की. सकाळी वैनी घरी असती, लेकरं तिच्यापाशी ऱ्हातेत. संध्याकाळी हितं बसले तरी माझा जीव घरीच असतोय."

इंदिराची बोटं थांबली. "सकाळी डोकं शांत असतंय गं. संध्याकाळी मला जमंना."

"कामून? संध्याकाळी काय काम असतंय तुला?"

इंदिरा पुन्हा टाइप करू लागली. तिला काहीच काम नव्हतं. संध्याकाळी खिडकीतून ऊन येऊन माडी तापायची, एवढंच.

"बरं," बाणू म्हणाली आणि जिना उतरली.

पुढे ती उशिरा येऊ लागली, मग एक दिवसाआड, मग आलीच नाही. मास्तर पोरांना सांगायचे, "हुशार व्हती, पण चिकाटी न्हाई. इंदिराकडं बघा." मीही तेच मानलं. मला समोर बसलेलं माणूस तेवढं दिसायचं. त्याच्या मागं कोण उभं आहे, हे कुठून दिसणार?

इंदिरा परीक्षेत नापास झाली. पुन्हा बसली, पुन्हा नापास झाली. दोन्ही वेळा रामराव माडीवर येऊन मास्तरांपाशी पुढची फी ठेवून गेले. अखेर ती पास झाली आणि तालुक्याच्या कचेरीत लागली. मास्तरांनी माडीवरच सत्कार केला. शाल, नारळ, पेढे. "ह्याला म्हणतेत चिकाटी," मास्तर म्हणाले. इंदिरा बोलायला उभी राहिली. "बाणू असती तर..." एवढंच म्हणाली आणि खाली बसली. लोकांना वाटलं, तिला मैत्रिणीची आठवण आली; त्यांनी टाळ्या वाजवल्या.

वर्षं गेली. राज्याचं नाव कर्नाटक झालं. मास्तर थकले, क्लास बंद पडला, माझ्या पोटात उंदरानं कापूस नेऊन ठेवला. तशा अवस्थेत, लग्न होऊन संसाराला लागलेल्या इंदिरानं मला घरी आणलं. ती सुट्टीच्या दिवशी मला पुसायची, तेल द्यायची, पण एक अक्षरसुद्धा उमटवायची नाही. कचेरीत नवे लोक आले की साहेब तिच्याकडे बोट दाखवून म्हणत, चिकाटी शिका हिच्याकडून. त्या दिवशी ती घरी येऊन जेवायची नाही, हे मी पाहिलं आहे.

मग एका बाजाराच्या दिवशी तिला बाणू भेटली. मुडबी गावात दिलेली होती ती. इंदिरा तिला हाताला धरून घरी घेऊन आली. चहा झाला. इंदिरानं कपबशा बाजूला सारल्या.

"बाणू, तवा तू येळ मागितलीस. मला संध्याकाळी काही काम नव्हतं. उगंच न्हाई म्हणाले मी."

"ठावं हाय मला. कोकरं घेऊन येताना बघायची की. तू घराच्या वट्ट्यावर बसलेली असायचीस."

इंदिराची मान खाली गेली. "लोकं मला चिकाटीची म्हणतेत. ऐकलं की तू आठवतीस."

"तू कष्ट केलेस, ते खोटं कामून म्हणू? पण तू नापास झालीस तर तुझा बाप म्हणाला, आणिक बस. मला उशीर झाला की वैनी म्हणायची, बास कर आता. चिकाटी माझ्यात बी व्हती इंदू. ती सगळी घरातच खर्ची पडली."

"मला माफ कर."

"ते अजून जमंना मला," बाणू सरळ म्हणाली. "पण माझी लेक अनसा हितं धुळाप्पाअण्णाकडं राहून शिकायली. तिला हे टायपिंग शिकीव."

अनसा येऊ लागली. आईसारखी बोटं तिची नव्हती. ती कळा इतक्या जोरात हाणायची की माझी रिबन फाटायची. पंधरवडा झाला आणि तिचं येणं बंद पडलं. इंदिराचा नवरा म्हणाला, "पोरीत चिकाटी न्हाई."

इंदिरानं चपला घातल्या आणि थेट धुळाप्पाच्या घरी गेली. पुढचं मला अनसाकडूनच कळलं. दारात उभी राहून इंदिरानं विचारलं, "हिचं घरी काय अडतंय?" अडत होतं पाणी. बाणूच्या वहिनीचे गुडघे गेले होते, संध्याकाळचं पाणी अनसालाच आणावं लागायचं. इंदिरानं कोपऱ्यातली घागर उचलली, हापशावर गेली आणि भरून आणली. वहिनी त्या घागरीकडे, मग इंदिराकडे बघत राहिली. त्या घरात इंदिराच्या हातचं पाणी आजवर कुणी घेतलं नव्हतं. मग तिनंच पुढं होऊन घागर उतरवून घेतली आणि अनसाला म्हणाली, "जा गं, मावशीसंगट जा."

आता कचेरी सुटली की इंदिरा आधी तिकडे जाते, पाणी भरते आणि अनसाला घेऊनच घरी येते. पोर अजूनही चुकते. परीक्षेत काय होईल, मला माहीत नाही.

मित्रांनो, मला काय हवं? वरची धूळ पुसावी, थेंबभर तेल द्यावं, तेवढ्यावर मी चालतो. पण तुमच्यातलं कुणी अर्ध्यावर सोडून गेलं, तर त्याला नावं ठेवण्याआधी एकदा त्याच्या दारापर्यंत जाऊन या.